परसातील दगड : जीवाश्म कसा ओळखावा?

(परिसर अभ्यास : इयत्ता तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांसाठी)



मृगाच्या सुमारास आपल्या शाळाशाळांतून परसबागेची खणती सुरू होते. मुले घरीही आळी करतात, वाफे बांधतात आणि त्या उकराउकरीत कुदळीला कधी कधी असे काही लागते की, हात आपोआप थांबतो. अंड्यासारखा वाटोळा धोंडा, दातासारखे शुभ्र सुळके असलेला दगड, नेच्याच्या पानाचे चित्र उमटलेला फरशीचा तुकडा, नाहीतर मातीने काळवंडलेले एखादे हाड. मूल ती वस्तू दप्तरात घालून शाळेत आणते आणि विचारते, "बाई, हे काय आहे?"

या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक, "दगड आहे, टाकून दे." दुसरे, "अरे, हे तर डायनोसॉरचे अंडे!" पहिल्या उत्तराने जिज्ञासा मरते हे सांगावयास नको. दुसरेही तितकेच घातक ठरू शकते. डोंबिवलीनजीकच्या एका गावात काही वर्षांपूर्वी ते दिले गेले. चौथीतील एका मुलीने आणलेला वाटोळा धोंडा टेबलावर मांडण्यात आला. पालक पाहावयास आले, कोणी हळदकुंकूही वाहिले. पुढे एका जाणत्या माणसाने तो सर्वांदेखत फोडला, तेव्हा आत कुजलेल्या काळ्या पाषाणावाचून काही नव्हते. वर्षअखेरपर्यंत त्या मुलीला सोबती 'अंडेवाली' म्हणून चिडवीत होते. तिने वास्तविक केवळ प्रश्न विचारला होता. उत्तर मोठ्यांचे होते. त्यानंतर तिने शाळेत काहीही आणले नाही. हा लेख मुख्यतः अशा मुलांसाठी, म्हणजेच त्यांना उत्तर देणाऱ्या आपणासाठी आहे.

जीवाश्म म्हणजे प्राचीन काळच्या जीवाचा खडकात टिकून राहिलेला अवशेष किंवा खूण. हाड, दात, शिंपला, लाकूड हे भाग गाळात गाडले जातात; मातीतून झिरपणाऱ्या पाण्यातील खनिजे त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत भरतात, कधी मूळ द्रव्याची जागा घेतात, आणि आकार कायम राहून वस्तू पाषाणमय होते. कधी मूळ वस्तू विरून जाते व तिचा ठसा तेवढा उरतो. पाऊलखुणा, अंडी, इतकेच काय पण विष्ठादेखील अशा रीतीने टिकते. गाळ आणि त्वरित गाडले जाणे या दोन गोष्टींवाचून जीवाश्म बनणे फार कठीण, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुढील विवेचन सोपे जाईल.

मुलांना याचे उदाहरण देण्यासाठी संग्रहालयात जाण्याची गरज नाही. पुष्कळ घरांच्या देवघरात शालिग्राम असतो. नेपाळातील गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांत जे चक्र दिसते, ते अमोनाइट नावाच्या एका समुद्री प्राण्याच्या कवचाचे वेटोळे होय. आज जेथे हिमालय उभा आहे, तेथे एके काळी समुद्र होता, याची ती साक्ष आहे. हे सांगताना कोणाच्या श्रद्धेस बाध येण्याचे कारण नाही. पूजेची वस्तू अभ्यासाचीही वस्तू असू शकते. मात्र कोणाच्या घरातील शालिग्राम वर्गात मागवू नये. चित्र पुरेसे आहे.

आपल्या पायांखालचा खडक

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. मलंगगड असो, पारसिकची टेकडी असो किंवा अंबरनाथच्या शिवालयाचे चिरे असोत, आपल्याकडे मुख्यतः एकच खडक आढळतो : बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वर येऊन थरांवर थर पसरले, त्यांतून महाराष्ट्राचा बहुतेक भाग घडला. हा रस बाहेर पडताना सुमारे ११०० अंश सेल्सियस इतका तप्त असतो. त्यात सापडलेला प्राणी अगर वनस्पती जळून जाणार हे उघड आहे. क्वचित एखाद्या खोडाचा पोकळ साचा तेवढा मागे राहील. म्हणून काळ्या पाषाणाच्या पोटात हाड, अंडे किंवा शिंपला मिळाला असे कोणी सांगितले, तर प्रथम शंकाच घ्यावी.

परंतु येथे एक खुबी आहे. हे लाव्हे एकाच दमात आले नाहीत. दोन उद्रेकांमध्ये कधी कधी हजारो वर्षांचा विसावा गेला. त्या काळात थंड झालेल्या पाषाणावर माती झाली, तळी साचली, झाडे वाढली, बेडूक ओरडले. पुढच्या उद्रेकाने हे सारे झाकून टाकले. दोन लाव्हांमध्ये अशा रीतीने कोंडल्या गेलेल्या गाळाच्या थरांना भूवैज्ञानिक आंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. दख्खनच्या जीवाश्मांचा मोठा साठा याच पातळ थरांत आहे.

आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्यापासून लोकलगाडीच्या अंतरावर आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीतील अशा थरात लहानग्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. इंडोबॅट्राकस या नावाने तो बेडूक आज ओळखला जातो. मुंबईच्या याच प्रकारच्या थरांतील एका कासवाचे वर्णन कार्टर यांनी १८५२ मध्ये केले. अंधेरी-जोगेश्वरीकडील अंबोली येथील खाणीत मिळालेल्या आणखी एका कासवास २००३ मध्ये नवे शास्त्रीय नाव मिळाले. तेव्हा "आपल्याकडे जीवाश्म असूच शकत नाहीत" असे ठाम विधानही शिक्षकाने करू नये. काळ्या पाषाणात नाहीत; दोन पाषाणांमधील गाळात असू शकतात. थर शोधावयाचा तो हा.

जीवाश्माची सोंगे

परसात सापडणाऱ्या दहा 'जीवाश्मां'पैकी निदान नऊ पुढीलपैकी काहीतरी असतात, असे माझ्या अनुभवावरून म्हणता येईल. ही सोंगे ओळखता येणे हेच निम्मे काम आहे, म्हणून त्यांवर जरा अधिक थांबतो.

पहिला मान वाटोळ्या धोंड्याचा. काळ्या पाषाणाला उभ्या-आडव्या भेगा असतात. त्यांतून पाणी शिरते आणि खडक कोपऱ्यांकडून कुजू लागतो. कोपरे झिजत जाऊन मध्ये घट्ट गोळा उरतो, त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटतात व बाहेर मुरूम होतो. रस्त्यासाठी डोंगर कापलेल्या कोणत्याही ठिकाणी असे गोळे रांगेने बसलेले दिसतील. अंड्याचे कवच पातळ, सर्वत्र सारख्या जाडीचे व एकच असते आणि त्यावर बारीक छिद्रे असतात; आतला भाग कवचाहून निराळा दिसतो. आपल्या धोंड्याचे पापुद्रे अनेक असतात, जाड असतात, आणि बाहेरचा, मधला व आतला खडक एकाच जातीचा, फक्त कमी-अधिक कुजलेला असतो. त्या मुलीच्या धोंड्याला एक पापुद्रा निघालेला होताच. तो नीट पाहिला असता तर फोडण्याची वेळ आली नसती.

दुसरे सोंग दातांचे व हाडांचे. लाव्हारस थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. पुढे त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी, अकीक अशी खनिजे साचतात. कोठे पांढरे सुळके, कोठे कापसाच्या बोंडासारखे गोळे, कोठे बदामाएवढे पांढरे ठिपके. लाव्हाच्या तळाशी या पोकळ्या कधी नळीसारख्या उभ्या असतात; त्या भरल्या की हुबेहूब गांडुळे किंवा देठ दिसतात. परीक्षा अशी : स्फटिकाला सपाट, चकचकीत पैलू असतात आणि फिरवताच ते उन्हात लखलखतात. दाताला असे पैलू नसतात. स्फटिक निघाला म्हणून मुलाचा हिरमोड होऊ देऊ नका. आपल्या राज्यातील झिओलाइटांना जगभरच्या संग्रहालयांत स्थान आहे आणि सिन्नर येथे तर केवळ खनिजांचे संग्रहालय उभे आहे.

तिसरे सोंग सर्वांत मोहक. दगडाच्या सांध्यावर नेच्यासारखी, शेवाळासारखी काळी नाजूक नक्षी दिसते. फुटलेल्या फरशीचा तुकडा आणून "गुरुजी, पान!" म्हणणारे मूल प्रत्येक शाळेत असते. ही नक्षी मँगनीज व लोह यांच्या क्षारांची. भेगेत शिरलेल्या पाण्याबरोबर ते क्षार पसरतात आणि पाणी आटले की फांद्याफांद्यांचे डाग मागे राहतात. खऱ्या पानाला मधली शीर असते, तिच्यापासून ठराविक अंतराने उपशिरा फुटतात, पानाला कडा असते. या नक्षीला यांतले काहीच नसते. ती भेगेच्या कडेपासून आत, वाट फुटेल तशी वाढलेली असते.

याखेरीज थिजलेल्या लाव्हाचा दोरखंडासारखा पीळ कधी सापाचा किंवा हत्तीच्या कातडीचा भास करून देतो. चुनखडीचे वेडेवाकडे गाठोळे हाडासारखे दिसतात. आणि खरोखरीची हाडे तर परसात नेहमीच मिळतात, पण ती बकऱ्याची, गुराची, कुत्र्याने पुरलेली. ताजे हाड हलके असते आणि शिक्षकाने स्वतः, मुलांना दूर ठेवून, तापलेली सुई त्याला टेकविली तर केस जळाल्यासारखा वास येतो. पूर्णपणे पाषाण झालेल्या हाडाला तो वास येत नाही व ते हाताला चांगले जड लागते. जीभ लावून पाहण्याची युक्ती काही पुस्तकांत दिलेली आढळेल. ती मुलांना सांगू नये.

दगड आला कोठून?

सोंगे बाजूला काढल्यावरही काही वस्तू उरतात. शिंपला खराखुरा असतो, शंख खराखुरा असतो. येथे वस्तूपेक्षा जागेची चौकशी अधिक महत्त्वाची ठरते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात मूळची माती राहिली आहे असे परस आता थोडेच. घर बांधताना भरणी झाली. ती कोणत्या डोंगराची, कोणत्या पाडलेल्या इमारतीची, हे घरमालकालाही ठाऊक नसते. कल्याण, मुंब्रा, भिवंडीच्या खाडीतून काढलेली रेती वर्षानुवर्षे बांधकामाला लागली आणि तिच्याबरोबर खाडीचे शंखशिंपले गल्लोगल्ली पोहोचले. ते अलीकडच्या काळातले आहेत. त्यांचा रंग, चकाकी पुष्कळदा शिल्लक असते आणि त्यांच्या पोटात खडक भरलेला नसतो, चिखल असतो.

दुसरी वाट इमारतीच्या दगडांची. शहाबादी फरशी फार प्राचीन समुद्रतळाची आहे, इतकी की, शिंपले धारण करणारे प्राणी तेव्हा अस्तित्वातच नव्हते. म्हणून तिच्यात शिंपला शोधू नये. जैसलमेरच्या पिवळ्या दगडात मात्र शिंपले दिसू शकतात. मुंबईच्या जुन्या इमारतींसाठी आणलेला पोरबंदरी दगड तर बऱ्याच अंशी अतिसूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांचा बनलेला आहे. चांगल्या भिंगाखाली ती दिसतात. पाडकामाच्या राबिटातून असा तुकडा डोंबिवलीच्या परसात आला, तर तो जीवाश्म खरा, पण डोंबिवलीचा नव्हे. मुलाला हे नीट समजावून दिले की, त्याच तुकड्यावर भूगोलाचा एक उत्तम तास होतो : हा दगड कोणत्या समुद्रात जन्मला आणि कोणत्या वाटेने आपल्या दारी आला?

जुन्या खापऱ्या किंवा विटा लागल्या तर त्या माणसाच्या इतिहासात जमा होतात. कल्याण हे प्राचीन बंदर असल्याने त्यांचीही टिंगल करू नये. ते क्षेत्र पुरातत्त्वाचे. येथे त्याचा विस्तार करीत नाही.

एक मधली अवस्थाही सांगून ठेवतो. मुंबईच्या प्रिन्सेस डॉकचे काम १८७० नंतरच्या दशकात चालले असता समुद्राच्या चिखलाखाली खैराची गाडली गेलेली झाडे मिळाली, त्यांतील कित्येक मुळांसकट उभी होती. ते लाकूड पाषाण झालेले नव्हते, तरीही जेथे आज समुद्र आहे, तेथे पूर्वी जमीन होती, हे त्याने सिद्ध केले. तेव्हा "दगड झाला नाही" म्हणून वस्तू निरुपयोगी होत नाही.

खरा निघाला तर

आपल्या राज्यात खरे जीवाश्म शेतांतून मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तेथील जमिनीत डायनोसॉरची हाडे आणि पाषाण झालेली विष्ठा सापडते. ओबडधोबड दगडच ते. कोणीही पायाने बाजूला सारावेत असे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विष्ठेचे सूक्ष्मदर्शकाने परीक्षण केले, तेव्हा तीत गवताचे वाळूमय सूक्ष्म कण मिळाले. डायनोसॉरच्या काळी गवत होते आणि ते त्यांच्या पोटात जात होते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने प्रथम दाखविले. त्याच जिल्ह्यातील डोंगरगाव येथे मिळालेल्या प्रचंड शाकाहारी डायनोसॉरला आज इसिसॉरस या नावाने ओळखतात. गडचिरोलीतील सिरोंचा तालुक्यात वडधम येथे पाषाण झालेल्या वृक्षांचे जीवाश्म उद्यान आहे.

नमुना जपून ठेवण्याचे महत्त्व पटविणारी एक हकीकत गुजरातची आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील धनंजय मोहबे यांना १९८० नंतरच्या दशकात खेडा भागात डायनोसॉरच्या घरट्याचा एक दगड मिळाला. त्यातील अंडी ओळखली गेली. हाडे पिल्लाची समजली गेली. दगड जसाच्या तसा जतन होऊन राहिला. २००१ मध्ये जेफ्री विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो पाहिला, तेव्हा त्यांतील काही मणके सापाचे आहेत असे त्यांच्या लक्षात आले. फुटक्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी नुकतेच बाहेर आलेले पिल्लू, असा तो प्रसंग होता. २०१० मध्ये सनाजे या नावाने त्या सापाची नोंद झाली. पहिल्याच दिवशी कोणी छिन्नीने 'अंडे मोकळे' केले असते, तर साप कायमचा गेला असता.

म्हणून आपल्या परसात काही लागले, तर पुढीलप्रमाणे वागावे. वस्तू खडकात घट्ट बसलेली असेल तर ती उपटू नये. सुटी असेल तर धुऊ नये, आम्ल लावू नये, तेल किंवा शेंदूर तर नाहीच. मऊ ब्रशाने माती झाडावी. सापडलेल्या जागी पट्टी अगर नाणे शेजारी ठेवून भ्रमणध्वनीने दोन छायाचित्रे काढावीत, एक जवळून आणि एक जागेसह. नंतर वहीत लिहावे : तारीख, गाव, शाळेपासूनची दिशा व अंतर, किती खोलीवर, वर व खाली कोणत्या रंगाची माती किंवा खडक, जमीन मूळची की भरणीची, आणि ज्या मुलाला सापडले त्याचे नाव. हे शेवटचे विसरू नये. कागदावर तीच नोंद थोडक्यात लिहून ती नमुन्यासोबत गुंडाळावी. जागेची नोंद नसलेला जीवाश्म शोभेची वस्तू होऊन बसतो.

लिंबाच्या रसाची परीक्षा शाळेत करता येते. दगड खिळ्याने एका कोपऱ्यात किंचित खरवडून त्या भुकटीवर दोन थेंब टाकावेत. फेस आला तर त्यात चुना आहे. परंतु कॅल्साइटलाही फेस येतो, आजच्या शिंपल्यालाही येतो आणि जुन्या भिंतीच्या गिलाव्यालाही येतो. फेस आला म्हणजे जीवाश्म, हा समज अनेक ठिकाणी रूढ झाला आहे. तो चूक आहे. या परीक्षेने दगडाची जात कळते, जीव कळत नाही. जीव ओळखावयाचा तो रचनेवरून. शिंपल्यावर वाढीच्या समांतर रेषा, हाडात जाळीदार छिद्रे, लाकडात वर्षवलये व धागे असतात, आणि तोच आराखडा वस्तूभर सारखा चालतो.

एवढे करूनही निर्णय होत नसेल, तर छायाचित्रे व नोंद जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञान विभागाकडे किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील मध्य क्षेत्र कार्यालयाकडे पाठवावी. नमुना पाठविण्याची घाई करू नये. पत्रात "डायनोसॉरचे अंडे सापडले" असे न लिहिता काय दिसते ते लिहावे. वर्तमानपत्राला कळविण्यापूर्वी उत्तराची वाट पाहावी. उत्तर येईपर्यंत मुलाला "मला अजून ठाऊक नाही, आपण विचारले आहे" असे सांगण्यात शिक्षकाचा काही कमीपणा नाही.

वर्गातील कृती

पावसाळ्यात गोगलगायींचे रिकामे शंख मुबलक मिळतात. ते शिक्षकाने आधी उकळत्या पाण्यातून काढून घ्यावेत. शाडूच्या मातीची दोन बोटे जाड चकती करून त्यावर एक शंख, एक फणसाचे पान व एक कोंबडीचे हाड मुलांकडून दाबून घ्यावे व उचलावे. झाला ठसा. त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून वाळल्यावर काढले की साचातून आलेली प्रतिकृती मिळते. मुलांना विचारावे : पानाचा रंग कोठे गेला? गोगलगायीचे अंग का उमटले नाही? शाडूऐवजी येथे तप्त लाव्हा असता तर काय झाले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः दिले, की आपल्या डोंगरांत जीवाश्म विरळ का, हे निराळे शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या तासाला प्रत्येकाने परसातील एक दगड आणावा आणि वर सांगितलेल्या सोंगांत तो बसतो का, हे गटागटाने ठरवावे. बसत नसेल तो दगड वेगळ्या पेटीत ठेवावा. त्या पेटीवर 'न ओळखलेले' अशी चिठ्ठी लावावी आणि दर सत्राच्या आरंभी ती पुन्हा उघडावी.